वाघिणीत अडकलेलं कल्याण : युद्धानंतरच्या ब्रिटनमधला कोळसा, घरं, विमा आणि दवाखाने

७ फेब्रुवारी १९४७ च्या शुक्रवारी ब्रिटनचे इंधनमंत्री इमॅन्युएल शिनवेल यांनी संसदेत जाहीर केलं, की सोमवारपासून लंडन, आग्नेय इंग्लंड, मिडलंड्स आणि वायव्य भागातल्या कारखान्यांची वीज बंद. घरांनाही सकाळी ९ ते १२ आणि दुपारी २ ते ४ वीज वापरायला मनाई. आपल्याकडे क्लेमंट ॲटली यांचं मजूर पक्षाचं सरकार म्हटलं की त्याच महिन्यातलं २० तारखेचं निवेदन आठवतं, जून १९४८ पर्यंत हिंदुस्थान सोडण्याचं. ते निवेदन झालं तेव्हा लंडनचे कारखाने बंदच होते, हे मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठे सापडत नाही.

या सरकारच्या कल्याणकारी राज्याबद्दल लिहायचं तर प्रथा अशी, की सामाजिक विम्याची योजना मांडणारा १९४२ चा बेव्हरिज अहवाल घ्यायचा, त्यातले अभाव, रोगराई, अज्ञान, बकालपणा आणि बेकारी हे पाच राक्षस मोजायचे आणि १९४८ च्या आरोग्यसेवेपाशी येऊन टाळ्या वाजवायच्या. मी कोळशापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते सगळ्या हिशेबाची किल्ली तिथे आहे. जे काम नोंदवही, कार्ड आणि पोस्टाच्या खिडकीवर होण्यासारखं होतं ते या सरकारने चोख केलं. ज्या कामाला रेल्वेची वाघीण (म्हणजे मालडबा), लाकूड, विटा किंवा डॉलर लागत होते ते अडलं. मंत्री कर्तबगार की नालायक, या वादात ही गोष्ट हरवते.

कोळसा

१९३८ साली ब्रिटनच्या खाणींतून सुमारे २२.७ कोटी टन कोळसा निघत होता. १९४५ साली तो १८.३ कोटी टनांवर आला. खाणकामगार साधारण ७.८ लाखांवरून ७.१ लाखांवर घसरले होते, आणि जे उरले ते वयाने मोठे होते. तरुण पोरं खाणीत उतरायला तयार नव्हती. युद्धकाळात तर सैन्यात भरती होणाऱ्यांपैकी दहातल्या एकाला चिठ्ठी टाकून खाणीत धाडावं लागलं. नोंदणी क्रमांकाचा शेवटचा आकडा लागला की तो मुलगा सैन्याऐवजी खाणीत. कामगारमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावावरून त्यांना ‘बेव्हिन बॉइज’ म्हणत. यंत्रांची देखभाल सहा वर्षं रखडलेली होती.

पुरवठ्याची ही स्थिती, तर मागणीची वेगळीच. घरगुती कोळशावर नियंत्रण होतं, विजेवर नव्हतं. मग थंडीत लोकांनी काय करावं? विजेच्या शेगड्या घेतल्या. इथे एक साधं गणित आड येतं. तेव्हाच्या वीजकेंद्रांची कार्यक्षमता सुमारे २१ टक्के होती, म्हणजे जाळलेल्या कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम पाचवा हिस्सा वीज होऊन बाहेर पडे. घरातला कोळसा वाचवण्यासाठी लावलेली शेगडी दूरच्या केंद्रात जास्त कोळसा खात होती. उघडी चूलही मोठी कार्यक्षम नव्हती, तिची बरीच उष्णता धुराड्यातून जाई, त्यामुळे फरक पाचपट नव्हता. पण सगळ्या शेगड्या सकाळ-संध्याकाळ एकाच वेळी चालू होत, आणि तो भार पेलायला नवी केंद्रं युद्धामुळे उभीच राहिली नव्हती.

म्हणून इथे दोन टंचाया वेगवेगळ्या ओळखल्या पाहिजेत. एक कोळशाची, दुसरी जनित्रांची. फेब्रुवारी १९४७ ची बंदी कोळशाची होती. पण कोळसा आल्यावरही पुढे काही हिवाळे जे लोडशेडिंग चालू राहिलं ते जनित्रांच्या कमतरतेचं. वर्तमानपत्रांनी दोन्हीची एकच मोट बांधली आणि आजही बरेच लेख तेच करतात.

१९४६ च्या शरद ऋतूतच साठे कमी असल्याचं दिसत होतं. शिनवेल यांचा भरवसा हवामान सौम्य राहील आणि खाणकामगार साथ देतील यावर. १ जानेवारी १९४७ ला खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. साधारण ८०० कंपन्या, साडेनऊशेच्या आसपास खाणी, आणि मालकांना सुमारे १६.५ कोटी पौंडांची भरपाई. प्रत्येक खाणीवर पाटी लागली, की ही खाण आता जनतेच्या वतीने राष्ट्रीय कोळसा मंडळ चालवतं. तीन आठवड्यांनी बर्फ सुरू झाला. २२ जानेवारी ते १७ मार्च या काळात देशात कुठे ना कुठे रोज बर्फ पडला.

राष्ट्रीयीकरणामुळे वीज गेली, असं तेव्हाच्या विरोधकांनी म्हटलं आणि अजूनही म्हटलं जातं. ते पटत नाही. खाणीच्या तोंडाशी कोळसा पडून होता, तो हलत नव्हता. ओला कोळसा उघड्या वाघिणीत गोठला की त्याचा एकसंध दगड होतो. वाघीण उलटी केली तरी तो पडत नाही, पहारी घेऊन माणसं चढवावी लागतात. एक वाघीण रिकामी व्हायला उशीर झाला की मागची गाडी यार्डात अडते, आणि खाणीकडे परत जायला रिकाम्या वाघिणीच उरत नाहीत. लंडनच्या थेम्सकाठच्या वीजकेंद्रांना कोळसा ईशान्येकडच्या टाइन नदीतून जहाजाने येई. वादळ आणि धुक्याने ती जहाजंही बंदरात अडकली. खाण, रेल्वे आणि जहाज तिन्ही एकाच आठवड्यात थांबली, तेव्हा वीजकेंद्रांच्या आवारातला साठाच तेवढा कामाला येणार होता. तोच नव्हता.

वीस लाखांहून जास्त लोक काही आठवडे बेकार झाले. साप्ताहिकं दोन आठवडे छापायची नाहीत असा हुकूम निघाला. बीबीसीचं दूरचित्रवाणी प्रक्षेपण आणि रेडिओवरचा थर्ड प्रोग्राम बंद, कुत्र्यांच्या शर्यती बंद. मिडलंड्सच्या कारखान्यांची वीज २४ फेब्रुवारीला आली, बाकीच्यांची ३ मार्चला. लगेच बर्फ वितळून मार्चमध्ये पूर आले. व्यापारमंत्री स्टॅफर्ड क्रिप्स यांच्या अंदाजाने सुमारे २० कोटी पौंडांची निर्यात बुडाली, आणि निर्यात बुडाली म्हणजे डॉलर बुडाले. शिनवेल यांना ऑक्टोबरमध्ये हलवून त्यांच्या जागी ह्यू गेट्सकेल आले.

घरगुती कोळशाची पद्धत सांगण्यासारखी आहे. कुटुंबाने एकाच कोळसेवाल्याकडे नाव नोंदवायचं. पुढे वर्षाचा कमाल कोटा दक्षिणेत ३४ हंड्रेडवेट आणि उत्तरेत ५० असा होता. एक हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड, साधारण ५१ किलो. म्हणजे लंडनच्या घराला वर्षाकाठी पावणेदोन टनांच्या आत. कोटा हा हक्क नव्हता, वरची मर्यादा होती. कोळसेवाल्याकडे माल नसेल तर कोटा कागदावरच. हे नियंत्रण जुलै १९५८ पर्यंत चाललं, मांसाचं रेशन संपल्यावरही चार वर्षं.

त्यातच एक वाईट योगायोग. चांगला कोळसा निर्यातीला आणि उद्योगाला जात होता. घरांना जास्त इंधन मिळावं म्हणून १ डिसेंबर १९५२ पासून ‘नटी स्लॅक’, म्हणजे बारीक खडे मिसळलेली स्वस्त कोळशाची भुकटी, कोट्याबाहेर विकायला मोकळी केली. ५ डिसेंबरला लंडनवर धुरकं बसलं ते ९ तारखेपर्यंत उठलं नाही. सुरुवातीचा अंदाज ४,००० मृत्यूंचा होता, नंतरच्या अभ्यासांत तो १२,००० पर्यंत गेला. सगळा दोष त्या भुकटीवर टाकता येत नाही, वीजकेंद्रांचाही धूर होता आणि हवा कोंडली होती. पण निर्णयाची वेळ याहून वाईट असू शकत नव्हती. धुरावर निर्बंध घालणारा कायदा १९५६ साली झाला, तेव्हा सत्तेवर हुजूर पक्ष होता.

पेट्रोलच्या बाबतीत मात्र सरकारने हुशारी दाखवली. १९४७ च्या डॉलर टंचाईत खाजगी गाड्यांचं मूळ रेशनच काढून घेतलं, तर व्यावसायिक गाड्यांचं पेट्रोल काळ्या बाजारात वाहू लागलं. मग १ जून १९४८ पासून व्यावसायिक पेट्रोल लाल रंगाचं केलं आणि खाजगी गाड्यांना महिन्याला साधारण ९० मैलांपुरतं रेशन परत दिलं. खाजगी गाडीच्या टाकीत लाल पेट्रोल सापडलं की चालकाचा परवाना वर्षभर गेला, आणि विकणाऱ्या पंपाचा विक्रीचा हक्कही जाऊ शकत होता. शिक्षेत दोन्ही टोकं धरली म्हणून ते चाललं. आपल्याकडे रेशनचं रॉकेल निळं करतात, त्यामागचं तत्त्व हेच. पेट्रोलचं रेशन २६ मे १९५० ला संपलं.

घरं

घरांचा प्रश्न कोळशाशी किती जोडलेला होता हे लोक विसरतात. वीट भाजायला कोळसा, सिमेंटला कोळसा, काचेला कोळसा, ओतीव लोखंडाच्या बाथटबला कोळसा. लाकूड बाहेरून आणायचं, त्यातलं कॅनडाचं डॉलरमध्ये.

बॉम्बहल्ल्यांत पावणेपाच लाखांच्या आसपास घरं नष्ट किंवा राहण्यालायक नाहीशी झाली होती. मार्च १९४५ च्या श्वेतपत्रिकेत प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र घर द्यायचं तर साडेसात लाख घरं लागतील असा हिशेब होता. तो कमी निघाला. युद्ध संपताच लग्नं आणि जन्म दोन्ही वाढले, आणि आईबापांकडे एका खोलीत दिवस काढलेली जोडपी आता थांबायला तयार नव्हती.

घरं हा विषय आरोग्य खात्याकडे होता, म्हणजे अन्युरिन बेव्हन यांच्याकडे (आधी आलेले बेव्हिन वेगळे). एकाच मंत्र्याने आरोग्यसेवा उभी करायची आणि घरंही बांधायची. शिवाय घराच्या प्रत्येक तुकड्याचं खातं वेगळं. धोरण आणि मंजुरी आरोग्य खात्याची, बांधकाम साहित्य आणि तात्पुरती घरं बांधकाम खात्याची, नळ-फिटिंग पुरवठा खात्याकडे, लाकूड व्यापार मंडळाकडे, गवंडी-सुतार कामगार खात्याकडे, जमीन नगररचना खात्याकडे. प्रत्यक्ष घर बांधायची जबाबदारी स्थानिक कौन्सिलांवर, आणि अशा कौन्सिला चौदाशेहून जास्त.

बेव्हन यांचं धोरण स्पष्ट होतं. कौन्सिलांनी चार घरं बांधली तर खाजगी बिल्डरला एका घराचा परवाना, तोही विक्रीची किंमत १,२०० पौंडांच्या आत ठेवून (लंडनमध्ये १,३००). १९४६ च्या कायद्याने भाड्याच्या प्रत्येक कौन्सिल घराला वर्षाला २२ पौंड अनुदान, तेही ६० वर्षं. त्यातले १६ पौंड १० शिलिंग (तेव्हा पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगाचे १२ पेन्स) सरकारी तिजोरीतून, ५ पौंड १० शिलिंग स्थानिक करातून. कर्ज सार्वजनिक बांधकाम कर्ज मंडळाकडून अल्प व्याजाने. पैशाची बाजू खरंच भक्कम होती.

मग अडलं कुठे? कौन्सिलांना घरं सुरू करायची घाई होती आणि सरकारलाही सुरू झालेल्या घरांचे आकडे आवडत होते. १९४६ मध्ये जितक्या घरांचे पाये भरले तितक्या विटा, दारं, छपराची लाकडं देशात नव्हती. एक घर चार महिन्यांत उभं राहण्याऐवजी तीन घरं वर्षभर अर्धवट उभी, आणि गवंडी एका साइटवरून दुसरीकडे. १९४६ साली पक्की घरं पुरी झाली ती फक्त ५५,४००. पुढच्या वर्षी १,३९,६९०, आणि १९४८ ला २,२७,६१६. हा शिखराचा आकडा. पण तोवर १९४७ चं डॉलर संकट आलं होतं, लाकडाची आयात छाटली गेली, नव्या मंजुऱ्या आवळल्या गेल्या. त्यानंतर १९५१ पर्यंत दर वर्षी दोन लाखांच्या जरा आत, असं ते अडकून राहिलं.

लोक थांबले नाहीत. मे १९४६ मध्ये स्कन्थॉर्पजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत काही कुटुंबं शिरली आणि उन्हाळाभर ही लाट पसरली. ऑक्टोबरपर्यंत इंग्लंड-वेल्समध्ये हजारावर छावण्यांत चाळीस हजारांच्या आसपास माणसं राहत होती. सरकारने इथे दोन तोंडांनी वागणूक दिली, आणि ती चतुर होती. पत्र्याच्या बराकींत शिरलेल्यांना कौन्सिलांनी पाणी, शौचालय देऊन भाडं लावलं. पण ८ सप्टेंबरला कम्युनिस्टांनी केन्सिंग्टनच्या डचेस ऑफ बेडफर्ड हाउस या श्रीमंत फ्लॅटांच्या इमारतीत कुटुंबं घुसवली, तेव्हा पोलिसांचा वेढा, खटले आणि कोर्टाचा हुकूम. वीस तारखेला ती मंडळी बाहेर पडली.

तात्पुरत्या घरांना, म्हणजे प्रीफॅबना, इतिहासात जरा हिणवलं जातं. राहणाऱ्यांना ती आवडत होती. १९४५ ते ४९ मध्ये १,५६,६२३ उभी राहिली. साधारण ६३५ चौरस फूट, दोन झोपायच्या खोल्या. खरी करामत होती बांधकाम खात्याने आखलेल्या स्वयंपाकघर-न्हाणीघराच्या जोड-संचात. दोन्ही खोल्या पाठीला पाठ लावून, मधल्या एकाच भिंतीत सगळे नळ आणि गरम पाण्याची टाकी, शिवाय भिंतीतली कपाटं आणि फ्रिज. त्या काळी बहुतेक ब्रिटिश कामगारांनी घरात फ्रिज पाहिला नव्हता. ॲल्युमिनियमचा प्रकार तर विमानांच्या कारखान्यांत तयार होई. घराचे चार भाग लॉरीवरून यायचे आणि कौन्सिलने ओतून ठेवलेल्या काँक्रीटच्या जोत्यावर एकमेकांना जोडले जायचे.

उणिवाही होत्या. पातळ भिंतींना आतून दव धरे, थंडीत उष्णता टिकत नसे, काही प्रकारांत ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे होते, आणि कारखान्यातलं घर स्वस्त पडेल हा अंदाज चुकला. आयुष्य दहा ते पंधरा वर्षं धरलं होतं. लंडनमध्ये कॅटफर्डच्या एक्सकॅलिबर वसाहतीतली १८७ घरं एकविसाव्या शतकापर्यंत वापरात होती, आणि त्यातल्या सहांना २००९ मध्ये वारसा दर्जा मिळाला.

गंमत म्हणजे तात्पुरती घरं टिकली आणि ‘कायमची’ म्हणून बांधलेली काही घरं फसली. विटा आणि गवंडी दोन्ही वाचवायला एअरी, कॉर्निश युनिट अशा तयार काँक्रीट भागांच्या पद्धती वापरल्या. एअरी घरात काँक्रीटचे सडपातळ खांब, आत पोलादी नळी, आणि बाहेरून काँक्रीटच्या फळ्या एकावर एक. काँक्रीट हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत जातं तसा त्याचा अल्कली गुण कमी होतो. पोलादावर काँक्रीटचं आवरण पातळ असेल तर तीस-चाळीस वर्षांत गंज लागतो, गंज फुगतो आणि खांबाला उभ्या भेगा जातात. १९८० च्या सुमारास हे उघड झालं, नेमकं तेव्हा थॅचर सरकार हीच कौन्सिल घरं भाडेकरूंना विकत होतं. ज्यांनी घेतली त्यांना त्यावर कर्ज मिळेना, घर विकता येईना. १९८४ चा सदोष घरांचा कायदा आणून दुरुस्तीसाठी ९० टक्क्यांपर्यंत अनुदान द्यावं लागलं.

बेव्हन यांच्या विटांच्या घरांना मात्र आजही मागणी आहे. झोपायच्या तीन खोल्यांच्या घराला ९०० चौरस फूट आणि खाली दुसरं शौचालय, हा आग्रह त्यांनी टंचाईतही सोडला नाही. हुजूर पक्षाचे गृहनिर्माणमंत्री हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी १९५३ मध्ये वर्षाला तीन लाखांचा टप्पा गाठला तो घर लहान करून आणि खाजगी परवाने मोकळे करून. संख्या की आकार, या वादात मी बेव्हन यांच्या बाजूचा आहे, पण १९४७ साली सासरच्या एका खोलीत दोन मुलांसह राहणाऱ्या बाईने माझं मत मानलं नसतं.

पाव, आणि कर्ज

हे थोडक्यात. अमेरिकेने ऑगस्ट १९४५ मध्ये युद्धकाळातली लेंड-लीज मदत एका झटक्यात थांबवली. अर्थतज्ज्ञ केन्स यांनी वॉशिंग्टनला जाऊन ३.७५ अब्ज डॉलरचं कर्ज २ टक्क्यांनी आणलं. त्याचा शेवटचा हप्ता ब्रिटनने डिसेंबर २००६ मध्ये फेडला. कर्जाची अट अशी, की पौंड डॉलरमध्ये बदलून मिळाला पाहिजे. १५ जुलै १९४७ ला ते सुरू केलं आणि डॉलर इतके वाहून गेले की २० ऑगस्टला बंद करावं लागलं. ब्रिटन त्या वेळी हिंदुस्थानचंही देणं लागत होता, सुमारे ११६ कोटी पौंड, युद्धात इथून घेतलेल्या मालाचं आणि सेवेचं. बंगाल उपाशी असताना साठलेली ही शिल्लक लंडनमध्ये गोठवलेली होती आणि हप्त्याहप्त्याने सुटत होती. कल्याणकारी राज्याच्या ब्रिटिश कौतुकात या रकमेला बहुधा एखादी तळटीप मिळते.

युद्धात कधीच रेशनवर नसलेला पाव २१ जुलै १९४६ ला रेशनवर आला आणि दोन वर्षं राहिला. जर्मनीच्या ब्रिटिश ताब्यातल्या भागालाही धान्य पुरवायचं होतं, हे एक कारण. धान्य फारसं वाचलं नाही, गृहिणींचा राग तेवढा पदरात पडला.

कार्ड

आता जे जमलं ते. ५ जुलै १९४८ या एकाच दिवशी राष्ट्रीय विमा, कामावरच्या अपघाताचा विमा, राष्ट्रीय साहाय्य आणि आरोग्यसेवा सुरू झाली. कुटुंब भत्ता त्याआधी, ऑगस्ट १९४६ पासून. दुसऱ्या आणि पुढच्या प्रत्येक मुलामागे आठवड्याला ५ शिलिंग, आईने पोस्टातून घ्यायचे. पैसे बापाच्या हाती न देता आईच्या हाती द्यावेत, यासाठी खासदार एलेनॉर रॅथबोन यांनी आयुष्यभर भांडण केलं होतं.

विम्याची यंत्रणा अगदी सोपी. प्रत्येक कामगाराचं एक कार्ड. मालकाने पोस्टातून आठवड्याचं तिकीट घेऊन त्यावर चिकटवायचं. पुरुष कामगाराचे ४ शिलिंग ११ पेन्स पगारातून कापायचे, मालकाचे ४ शिलिंग २ पेन्स, मिळून ९ शिलिंग १ पेनीचं एकच तिकीट. कार्ड भरलं की ते जमा करून नवं घ्यायचं. सगळ्या नोंदी न्यूकॅसलजवळ लाँगबेंटनच्या केंद्रीय कचेरीत. पगार कमी असो वा जास्त, हप्ता तोच आणि मिळणारी रक्कमही तीच, म्हणून हिशेब अडीच कोटी लोकांचा असूनही कोलमडला नाही. आजाराला, बेकारीला, म्हातारपणाला एकट्याला २६ शिलिंग, जोडप्याला ४२. बेकारभत्ता १८० दिवस. अंत्यसंस्काराला २० पौंड.

दोष याच सोपेपणात होता. सपाट हप्ता सगळ्यात गरीब कामगाराला झेपेल एवढाच ठेवता येतो, म्हणून मिळणारी रक्कमही सपाट आणि लहान. त्यात भाड्याचा विचार नव्हता. दुसरीकडे राष्ट्रीय साहाय्य मंडळ, म्हणजे जुन्या दरिद्री-कायद्याच्या जागी आलेली यंत्रणा, जोडप्याला ४० शिलिंग देई आणि वर घरभाडं. म्हणजे ज्या म्हाताऱ्या जोडप्याने विमा भरला त्याला ४२ शिलिंग, आणि १० शिलिंग भाड्याचं घर असलेल्या, विमा न भरलेल्या जोडप्याला ५०. साहजिकच पेन्शनवाले साहाय्य मंडळाच्या दारात गेले. उत्पन्नाची चौकशी करणारा माणूस घरी यायचा, नेमकं जे बेव्हरिज यांना संपवायचं होतं. साहाय्य हे तात्पुरतं आणि घटत जाणारं असेल असा अंदाज होता. १९४८ संपता संपता आठवड्याला दहा लाखांच्या घरात भत्ते दिले जात होते.

याच काळात आपल्याकडेही विचार चालू होता. बी. पी. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल १९४४ मध्ये दिला, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला, ज्याच्या दवाखान्यांना मुंबईचे गिरणगाववाले आजही ईएसआयएस म्हणतात. एक फरक मोठा होता. आपला विमा कारखान्यातल्या कामगारापुरता राहिला, ब्रिटनचा सगळ्या नोकरदारांना लागू झाला.

दवाखाने

आरोग्यसेवेतला सगळ्यात धाडसी भाग म्हणजे मालकी. इंग्लंड-वेल्समधली २,६८८ रुग्णालयं, धर्मादाय असोत वा नगरपालिकेची, एका तारखेला सरकारजमा झाली. नवी वीट लागली नाही, सही लागली. वर १४ प्रादेशिक मंडळं आणि शिकाऊ डॉक्टरांच्या ३६ रुग्णालयांना स्वतंत्र कारभारी मंडळं.

डॉक्टर विरोधात होते. फेब्रुवारी १९४८ च्या त्यांच्या संघटनेच्या मतदानात ४०,८१४ विरुद्ध ४,७३५. बेव्हन यांनी आधी रुग्णालयातल्या तज्ज्ञांना फोडलं. अर्धवेळ करार, सरकारी रुग्णालयातच खाजगी खाटा, गुणवत्तेचे जादा भत्ते. मग सामान्य डॉक्टरांना पगारी नोकर करणार नाही, अशी कायद्यात दुरुस्ती करून हमी दिली. त्यांना नोंदलेल्या रुग्णामागे ठरलेली रक्कम, एका डॉक्टरच्या यादीत कमाल ४,००० माणसं. दवाखान्याची ‘गुडविल’ विकण्याची जुनी पद्धत बंद केली आणि त्यापोटी ६.६ कोटी पौंडांची भरपाई ठेवली. लोक धडाधड याद्यांत नावं घालू लागले, तेव्हा बाहेर राहणाऱ्या डॉक्टरला आपले रुग्ण शेजाऱ्याकडे जाताना दिसले. विरोध तिथे मोडला.

रचनेत एक फट राहिली, ती पंचवीस वर्षं बुजली नाही. डॉक्टर कार्यकारी परिषदेखाली, रुग्णालय प्रादेशिक मंडळाखाली, आणि सुईण, परिचारिका, लसीकरण कौन्सिलकडे. एक गरोदर बाई तिघांच्या वह्यांत, आणि तिन्ही वह्या एकमेकींना दिसत नाहीत.

खर्चाचा अंदाज जुन्या मागणीवर काढला होता आणि तिथेच चुकला. पैशाअभावी लोकांनी आयुष्यभर जे दुखणं अंगावर काढलं ते जुन्या आकड्यांत कसं दिसणार? पहिल्या वर्षात साडेआठ दशलक्ष लोक दंतवैद्याकडे गेले, सव्वापाच दशलक्ष चष्मे वाटले गेले, १८ कोटी ७० लाख औषधचिठ्ठ्या फाडल्या गेल्या. चष्म्यासाठी कित्येक महिने थांबावं लागे, कारण भिंगं घासणारे कारखाने तेवढेच होते. दंतवैद्यांना कामागणिक पैसे होते, तेही त्यांनी वेगाने कमावले, आणि ठरावीक कमाईच्या वर सरकारने दर निम्मे केले. नवी रुग्णालयं बांधायची तर सिमेंट आणि पोलाद घरांकडे, वीजकेंद्रांकडे आणि कारखान्यांकडे जात होतं. बेव्हन यांनी व्हिक्टोरियन काळातल्या इमारतींवर नवी पाटी लावली, एवढंच शक्य होतं.

कोरिया युद्धामुळे तीन वर्षांत ४७० कोटी पौंड शस्त्रांवर खर्चायचं ठरलं. एप्रिल १९५१ च्या अर्थसंकल्पात, आता अर्थमंत्री झालेल्या गेट्सकेल यांनी कवळी आणि चष्म्याची निम्मी किंमत रुग्णावर टाकली. पूर्ण वर्षाची बचत अवघी २.३ कोटी. बेव्हन, हॅरॉल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन यांनी राजीनामे दिले. शस्त्रांची ती रक्कम खर्चच होऊ शकली नाही, पोलाद आणि यंत्रं कमी पडली. म्हणजे बेव्हन यांचा व्यवहाराचा मुद्दाही बरोबर निघाला.

औषधचिठ्ठीवर शिलिंग आकारण्याची मुभा देणारा कायदा मजूर पक्षानेच १९४९ मध्ये करून ठेवला होता, लागू केला हुजूर पक्षाने १९५२ मध्ये. शिलिंग एका चिठ्ठीमागे होता, मग डॉक्टर एकाच चिठ्ठीवर जास्त औषधं लिहू लागले. १९५६ पासून तो प्रत्येक औषधामागे केला. १९५१ साली याच तत्त्वावर राजीनामा दिलेले विल्सन पंतप्रधान झाल्यावर त्यांनी १९६५ मध्ये हे शुल्क रद्द केलं, आणि पौंडाचं अवमूल्यन झाल्यावर १९६८ मध्ये त्यांच्याच सरकारने ते अडीच शिलिंगांनी परत आणलं, मुलं आणि म्हाताऱ्यांना वगळून.